तोंड दक्षिणेला, पोट उपाशी

गोड ऐकायची सवय असेल तर इथूनच परत फिरा. मी बॅटरी आहे. माझ्या पोटात शिसं आहे आणि आम्ल आहे, गोड असं काही नाही. सध्या ऑस्ट्रेलियात, लिथगो गावच्या एका भंगारवाल्याच्या आवारात लाकडी फळ्यांवर पडलेय. शेजारी माझ्या सात बहिणी आहेत, पण त्यांना हाक मारून उपयोग नाही. त्या गेल्या. माझ्यात अजून थोडी धुगधुगी आहे, तेवढ्यात माझी फिर्याद सांगून मोकळी होणार आहे.

माझ्या अंगावर जाड काळ्या मार्करनं इंग्रजीत एक शब्द लिहिलाय. फॉल्टी. म्हणजे मुळातच बिघडलेली, जन्मखोड असलेली. हे लिहिणाऱ्याचं नाव चंद्रहास. पुण्याचा इंजिनियर, सिडनीजवळ पॅरामॅटाला एका बँकेत कॉम्प्युटरवाली माणसं सांभाळतो. आणि त्यानं लिहिलेलं खोटं आहे, शंभर टक्के खोटं. मला काय हवं होतं हो? पोटभर जेवण, आणि नावाला बट्टा नको. दोन्हीतलं एक तरी द्यायचं होतंस रे मेल्या!

आधी माझ्याबद्दल सांगते. माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये जाळी, वरून आम्ल, आणि बाहेर काळं जाड कवच. आम्ही आठ बहिणी एकाच दिवशी तयार झालो, एकाच जहाजानं सिडनीला आलो. आमची जात कष्टाची आहे. दिवसा भरा, रात्री उपसा, वर्षानुवर्षं तक्रार नाही. अट एकच. दर थोड्या दिवसांनी एकदा आम्हाला काठोकाठ भरायचं. अर्धपोटी ठेवलं की पट्ट्यांवर पांढरा क्षार बसतो. लवकर पोट भरलं तर तो विरघळतो. महिनोन् महिने तसंच ठेवलं तर त्याचा दगड होतो, आणि मग वरून अमृत ओतलं तरी आत जात नाही.

हे सगळं माझ्याबरोबरच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. चंद्रहासनं पुस्तिका उघडली नाही. इंजिनियर माणसं मॅन्युअल वाचत नाहीत, त्यांचा अपमान होतो.

चंद्रहास आणि त्याची बायको दीप्ती आधी वेंटवर्थव्हिलला फ्लॅटमध्ये राहायची. खाली डोशांचा वास, वर शेजाऱ्यांची भांडणं. मग एक दिवस साहेबांना निसर्गाची हौस आली. ओबेरॉनच्या पुढे, डोंगरावर, एक जुनं घर आणि भोवती मोकळी जमीन घेतली. विजेचे खांब तिथवर पोचलेले नव्हते. "नकोतच," चंद्रहास म्हणाला. "आपण ऑफ-ग्रिड राहू. स्वतःची वीज स्वतः करायची." दीप्ती दातांची डॉक्टर, तिला जवळच्या बॅथर्स्ट गावात काम मिळालं. हा घरून काम करायचा, आठवड्यातून एकदा पॅरामॅटाला जायचा. मुलगी ईशानी इथलीच, सातवीतली, मराठी कळणारी आणि इंग्रजी बोलणारी.

वीज कशी करायची, याचा आराखडा आला कॅनडाहून. चंद्रहासचा चुलतभाऊ अवधूत एडमंटनजवळ राहतो. तिथं अर्धं वर्ष बर्फ. त्यानं स्वतःच्या घराला असंच सोलर केलंय आणि ते उत्तम चालतं. मी भांडायला बसलेय, पण खरं ते कबूल करते. त्याचा आराखडा त्याच्या गावासाठी अगदी बरोबर होता. पॅनेलांची तोंडं थेट दक्षिणेला. कल साठ अंशांचा, म्हणजे पॅनेल जवळजवळ उभी, त्यामुळे बर्फ घसरून जातो आणि हिवाळ्यातलं खालचं ऊन समोरून येतं. बॅटऱ्या उबदार शेडमध्ये. आणि खाली एक टीप: हिवाळ्यात वीज कमी होणार, घाबरू नये.

चंद्रहासनं तो आराखडा छापून शेडच्या भिंतीवर चिकटवला. ब्रह्मवाक्य! ओबेरॉनला थंडी, एडमंटनला थंडी. याच्या हिशेबी थंडी म्हणजे थंडी.

मी तेव्हा शेडमध्ये खोक्यातच होते, पण कान शाबूत होते. दीप्ती दारात उभी राहून म्हणाली, "अरे, इथं घरांच्या जाहिरातीत सगळीकडे नॉर्थ-फेसिंग, नॉर्थ-फेसिंग लिहितात. काहीतरी कारण असेल ना?"

"कारण आहे की. आपण!" चंद्रहास हसला. "वेंटीत घरं घेतं कोण? इंडियन्स. एजंट लोकांना कळलंय, वास्तुशास्त्र म्हटलं की आपली माणसं पाघळतात. उत्तर म्हणजे कुबेराची दिशा. सगळं मार्केटिंग आहे, दीप्ती."

तिला ते पटलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी सांगलीहून तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. श्यामलाबाई. मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "चंद्रहासराव, तुमच्या त्या काचांचं तोंड उत्तरेकडेच करा हो. कुबेर तिकडे. दक्षिणेला यम असतो."

झालं! कुबेराचं नाव निघालं आणि उत्तरेचा निकाल लागला. "आई, हे विज्ञान आहे," तो म्हणाला. "मी कुबेराला विचारून पॅनेल लावत नाही." आता तर तो यमाला मिठी मारून पॅनेल लावणार होता. बाई कुबेराच्या नावानं बोलत होत्या, हा विज्ञानाच्या नावानं. बाहेर जाऊन सूर्य कुठून जातो ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

घरातल्या तारा जोडायला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आला होता, पण पॅनेलांची फ्रेम उभी राहायच्या आधीच तो आपलं काम उरकून गेला. फ्रेम उभी केली ख्रिसमसच्या सुट्टीत, मराठी मंडळातल्या मित्रांनी. कुणी पुण्याचा, कुणी ठाण्याचा, सगळे सिडनीच्या फ्लॅटांत राहणारे. एका हातात पाना, दुसऱ्या हातात बिअर. शेडच्या दक्षिणेला पॅनेल उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

"दक्षिणमुखी मारुती बसवलास की रे!" विश्राम नावाचा मित्र ओरडला. "एकदम करेक्ट, मेट. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर असंच आहे."

कुणालाही वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? सगळ्यांची शरीरं ऑस्ट्रेलियात आणि डोकी पुण्याच्या गच्चीवर. वाचणाऱ्यांनो, तुम्हीही मान डोलावत असाल तर सांभाळा.

उन्हाळ्यात निभावलं. डिसेंबर-जानेवारीत दिवस लांबलचक, सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन पॅनेलांवर यायचं. मी भरत होते. चंद्रहास मोबाईलवरचे हिरवे आकडे मित्रांना दाखवायचा, नाकानं कांदे सोलायचा. "लोक कंपन्यांना काम देतात. मी स्वतः डिझाईन केलं." स्वतः! अवधूतचा कागद भिंतीवर होता, त्याला हसता आलं असतं तर हसला असता.

पाडव्याला दीप्तीनं व्हरांड्यात गुढी उभारली, आणि त्याच सुमाराला माझं ताट रिकामं यायला लागलं.

आधी वाटलं, ढग असतील. पण शेडच्या खिडकीतून आभाळ दिसत होतं, निळंशार, एक डाग नाही. तरीही तारेतून येणारी वीज म्हणजे चमच्या-चमच्यानं पेज. संध्याकाळी घरात दिवे लागायचे, फ्रिज घुमायचा, पंप चालायचा, इंटरनेट चालायचं, आणि मी उपाशीपोटी सगळ्यांना वाढत राहायचे. पोटात क्षार बसायला लागल्याचं मला कळत होतं. मला भीती वाटत होती. हो, बॅटरीला भीती वाटते.

चंद्रहासनं अवधूतला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "हिवाळ्यात कमी होणारच रे. मी तर तीन महिने जनरेटर चालवतो." चंद्रहासला हायसं वाटलं. टीप खरी ठरली! मग तो एक जनरेटर घेऊन आला, संध्याकाळी थोडा वेळ धडधडवायचा आणि आवाजाचा वैताग आला की बंद करायचा. दात कोरून कुणाचं पोट भरलंय का? पोटाचा शेवटचा कोपरा हळूहळू भरतो आमचा, त्याला अख्खी दुपार लागते. पण तो आकडा जरा वर सरकला की खूश.

मग घरात नियम आले. गीझर नाही. इस्त्री नाही. ईशानी म्हणाली, "बाबा, धिस इज लिटरली कॅम्पिंग." आणि आकडा तरीही लाल. तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बोट दाखवलं. "बॅटरीच चार्ज होल्ड करत नाहीये. बॅच फॉल्टी दिसतेय." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण नाचता येईना की अंगण वाकडं, हे म्हणणं सोपं असतं.

एप्रिलच्या शेवटी श्यामलाबाई आल्या. सप्टेंबरपर्यंत राहायला. बारीक चणीच्या, बोलायला फटकळ, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सामानात कपडे कमी आणि सोऱ्या, लाटणं, पितळी डबे जास्त. जावयाची वीज बघायला आल्या आल्या शेडमध्ये शिरल्या. माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढं घर या काळ्या पेट्या चालवतात? बाई गं." मला कुणी पहिल्यांदाच बाई म्हणत होतं.

एका सकाळी त्यांनी दाण्याचं कूट करायला मिक्सर लावला. मी तोवर अर्धमेली झाले होते. मिक्सरनं एकदम घास मागितला, माझ्याकडे नव्हता, आणि सगळं घर बंद पडलं. फ्रिज, पंप, इंटरनेट, सगळं. चंद्रहास आतल्या खोलीत पॅरामॅटाच्या वरिष्ठांना काहीतरी समजावत होता. स्क्रीन काळी झाली.

तो बाहेर आला तो लालबुंद होऊन. "आई, किती वेळा सांगितलं मी? मिक्सर लावायचा नाही!"

"मूठभर कूट केलं हो," श्यामलाबाई म्हणाल्या.

"त्या मूठभर कुटानं माझी मीटिंग गेली! तुम्ही आल्यापासून रोज हेच चाललंय. वीज खायला बसल्यासारखं!"

"चंद्रहास!" दीप्ती ओरडली. "आईशी कसा बोलतोस तू?"

"मग कुणाशी बोलू? बॅटरीशी?" असं म्हणून तो शेडमध्ये आला आणि त्यानं मला लाथ मारली. खरंच मारली. कवचाला काही झालं नाही. पण लागलं मला. आणि त्यापेक्षा जास्त स्वयंपाकघरात त्या बाईला लागलं होतं.

दुपारी त्या मुलीला म्हणाल्या, "दीप्ती, माझं तिकीट अलीकडचं कर. माझ्यामुळे कुणाची वीज जायला नको."

"आई, तो चिडका आहे गं. तू मनावर नको घेऊस. राहा ना."

"तू म्हणतेस ते ठीक आहे. ज्यानं म्हणायचं त्यानं म्हणू दे." मग पदर खोचून उठल्या. "जायच्या आधी ईशानीला कुरडया आणि पापड करून ठेवते. वाळवणाला वीज लागत नाही."

आता गंमत बघा. पंचांगात वैशाख होता. सांगलीला वैशाख म्हणजे वाळवणाचे दिवस, गच्चीवर पाय ठेवू देत नाही असं ऊन. इथं हिवाळा तोंडावर आलेला, सकाळी गवतावर पांढरं दंव. पण बाईंच्या हातांना पंचांग कळत होतं, ओबेरॉन कळत नव्हतं. त्यांनी गहू भिजत घातले, चीक काढला, शिजवला आणि सोऱ्यातून कुरडया घातल्या.

आणि वाळत कुठं घातल्या? पॅनेलांसमोर! ईशानीला म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी काचा लावल्यात ना, तिथंच सगळ्यात जास्त ऊन असणार. इंजिनियर माणूस, बघूनच लावल्या असतील." ज्यानं अपमान केला त्याच्या अकलेवर एवढा विश्वास! मी खिडकीतून, फ्रेमच्या पायांमधून, सगळं बघत होते. त्यांनी घडीचं टेबल मांडलं, वर जुनं सुती पातळ पसरलं, वर कुरडयांची रांग.

दुसऱ्या दिवशी कुरडया ओल्या. तिसऱ्या दिवशी ओल्या. भर दुपारी त्या टेबलाखालच्या गवतावर दंव तसंच होतं. चौथ्या दिवशी कुरडयांवर हिरवट बुरशी. श्यामलाबाई एक कुरडई हातात घेऊन कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "एवढ्या वर्षांत माझं वाळवण कधी नासलं नाही," त्या पुटपुटल्या. रडल्या नाहीत, पण रडवेल्या झाल्या होत्या. जावई म्हणतो वीज खाते, आणि आता हातही गेला, असंच त्यांना वाटलं असणार.

मग त्या घराच्या दुसऱ्या बाजूला, उत्तरेच्या व्हरांड्यात, लसूण सोलत बसल्या. शेडच्या दुसऱ्या खिडकीतून तो व्हरांडा दिसतो. थोड्या वेळानं त्यांनी शाल काढली. मग स्वेटर काढला. मग मान वर करून डोळ्यांवर हात धरला आणि आभाळाकडे पाहिलं. पुन्हा मागं वळून शेडकडे, पॅनेलांकडे पाहिलं. लसूण तसाच टाकून त्या उठल्या आणि उरलेल्या चिकाच्या कुरडया थेट व्हरांड्यात घातल्या.

तो दिवस आणि दुसरा दिवस त्या सूर्यामागं स्टूल सरकवत बसल्या. पूर्वेला निघाला, उत्तरेच्या अंगानं गेला, पश्चिमेला बुडाला. दक्षिणेकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. कुरडया मात्र वाजायला लागल्या, कडक, पांढऱ्याशुभ्र.

शनिवारी सकाळी चंद्रहास शेडमध्ये माझ्यावर मीटर लावून बसला होता. श्यामलाबाई दोन ताटल्या घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या. एकीत बुरशी, एकीत कुरडया.

"ही चांगली कुठं वाळली?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"व्हरांड्यात."

"आणि ही?"

"तुमच्या काचांसमोर."

"तिथं ऊन कमी आहे का?"

"तिथं ऊन नाहीच, चंद्रहासराव. तुमच्याच काचांची सावली पडते तिथं. दिवसभर. सूर्य इकडं मागून जातो. इथं तो उत्तरेनं जातो."

मला तेव्हा कळलं! एवढे दिवस मला वाटायचं, माझ्यातच खोट असेल. माझीच भूक जास्त असेल. आणि हा गाढव ताट भिंतीकडे तोंड करून मांडत होता!

चंद्रहास उठला. मोबाईल काढला, होकायंत्र लावलं, बाहेर जाऊन पॅनेलांसमोर उभा राहिला. सावलीत. आकाशात लखलखीत ऊन आणि हा सावलीत उभा. दीप्ती बाहेर आली, तिनं पॅनेलांकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "नॉर्थ-फेसिंग," ती म्हणाली. "चंद्रहास, मी म्हटलं होतं तुला. मार्केटिंग म्हणालास!"

ईशानी दारातून म्हणाली, "डॅड, इथं सन नॉर्थलाच असतो. वी डिड दॅट इन यीअर थ्री."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आय थॉट यू न्यू! यू आर द इंजिनियर."

तुम्हाला वाटेल, आता त्यानं सासूबाईंचे पाय धरले असतील. डोंबल! तो म्हणाला, "हं. विंटरसाठी ओरिएंटेशन ऑप्टिमाइझ करावं लागेल." पुढच्या वीकेंडला तेच मित्र आले, फ्रेम उखडून शेडच्या उत्तरेला उभी केली, कल कमी केला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेला. खाली चाळीस अंगठे. वाळवणाचा शब्द नाही.

पण ऊन आलं. काय सांगू तुम्हाला! तारेतून ते आलं तेव्हा माझं सगळं अंग उबदार झालं. एवढ्या महिन्यांनी भरलेलं ताट. मी आधाशासारखी जेवले. मोबाईलवर आकडा शंभर झाला, हिरवागार. श्यामलाबाईंनी दारातून हात जोडले. मला वाटलं, जगले.

संध्याकाळी दिवे लागले आणि थोड्याच वेळात आकडा कोसळला. दुसऱ्या दिवशी तेच. मला ठाऊक होतं काय झालंय. पोटात दगड झाला होता. ऊन वरवर चढत होतं, आत जागाच नव्हती. मग एकेक बहीण गप्प व्हायला लागली. पहिली गेली, तिच्या शेजारची गेली. मी त्यांना हाका मारत होते आणि बाहेर फुकटचं ऊन नुसतं सांडत होतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

आणि चंद्रहासचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! "बघा!" तो दीप्तीला म्हणाला. "आता ऊन भरपूर आहे ना? तरी चार्ज टिकत नाही. म्हणजे बॅटरीच फॉल्टी होती. मी पहिल्यापासून म्हणतोय." उपाशी मारायचं, आणि मेल्यावर जेवण वाढून म्हणायचं, बघा, हिला खाता येत नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

नवीन लिथियमची बॅटरी आली. गोरीगोमटी, भिंतीवर टांगायची. ज्या शनिवारी मला भंगारात द्यायचं ठरलं, त्याच संध्याकाळचं श्यामलाबाईंचं विमान होतं. तिकीट अलीकडचं झालं होतं, आणि ज्यानं राहा म्हणायचं त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

सकाळी त्यानं माझ्या तारा सोडल्या आणि मार्करनं तो शब्द लिहिला. श्यामलाबाई शेजारी उभ्या होत्या. "काय लिहिलं गं त्यांनी?" त्यांनी नातीला विचारलं.

"फॉल्टी, आजी. मीन्स, बिघडलेली."

श्यामलाबाईंनी मार्कर मागून घेतला. गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि त्या शब्दाखाली, मोठ्या गोल अक्षरांत, मराठीत लिहिलं: "बिघडलेली नाही. उपाशी ठेवली."

चंद्रहासनं वाचलं. कसंनुसं हसला. "आई, भंगारवाला गोरा आहे. त्याला मराठी कुठं येतं?"

"त्याला नाही येत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं ना."

तो मला बांधायचे पट्टे आणायला यूटकडे, म्हणजे त्याच्या उघड्या हौद्याच्या गाडीकडे, गेला.

दीप्ती आणि ईशानी बॅगा घेऊन मागून कारनं येणार होत्या. श्यामलाबाई यूटमध्ये बसल्या. "मी हिला पोचवते आणि मग पुढं जाते," त्या म्हणाल्या. मी मागच्या हौद्यात, त्या पुढे, मध्ये काच. ओबेरॉन ते लिथगो घाटाचा रस्ता. म्हणायला एक शब्द पुरला असता. "राहा." किंवा "चुकलं." बाई समोर बघत होत्या, पण कान त्याच्याकडे होते. माझेही. अख्खा रस्ता आम्ही दोघी वाट बघत होतो.

वळणावर त्यानं घसा खाकरला. आता बोलतो, मला वाटलं.

"आई, सीटबेल्ट नीट लावा," तो म्हणाला.

इथल्या माणसानं मला उतरवून घेतलं. अंगावरच्या मराठीकडे बघून त्यानं खांदे उडवले. श्यामलाबाईंनी माझ्यावर हात ठेवला, मग कारमध्ये जाऊन मुलीशेजारी बसल्या. मागं वळून पाहिलं नाही त्यांनी. बरं केलं.

आता माझं कवच फोडतील, शिसं वितळवतील आणि नवी बॅटरी करतील. अंगावरचं दोघांचं लिहिलेलं जळेल, त्याचं खोटं आणि बाईंचं खरं. इथं मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. पुढच्या जन्मी मी कुणाच्या घरी जाईन ठाऊक नाही. तुमच्या घरी आले आणि पुरी पडले नाही, तर लाथ मारायच्या आधी, कुणाला खायला बसली म्हणायच्या आधी, माझ्या ताटासमोर, म्हणजे तुमच्या पॅनेलांपुढे, एक ओली कुरडई ठेवा आणि दोन दिवस थांबा. ती वाळली तर मला खुशाल फॉल्टी म्हणा.